फिश्टेचे ‘आवाहन’ आणि ज्ञानदेवांची ‘चांगदेवपासष्टी’

जर्मन चिद्वाद आणि मराठी तत्त्वविचार यांची सांगड मराठी समीक्षेने बहुधा दोन ठिकाणी घातली आहे. टिळकांनी ‘गीतारहस्या’त (१९१५) कांट आणि ग्रीन यांना गीतेच्या शेजारी बसविले ते कर्तव्याच्या प्रश्नासाठी, आणि ज्ञानदेवांच्या चिद्विलासाशेजारी हेगेल आणला जातो तो जगाच्या स्वरूपाच्या प्रश्नासाठी. जग हा आभास की चैतन्याचाच विलास, या वादाने विसाव्या शतकातील पुष्कळ विद्वत्ता खर्ची पडली. तीतून लाभ झाला नाही असे नाही. परंतु ज्ञाता स्वतःला कसा जाणतो, हा त्याहून अवघड प्रश्न त्या वादाच्या सावलीत राहिला. त्याचा विचार करावयास ‘अमृतानुभवा’पेक्षाही अवघ्या पासष्ट ओव्यांचे एक पत्र अधिक उपयोगी पडते. त्याचे दोन्ही पक्ष परंपरेने आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील गावांशी जोडले गेले आहेत. प्रवरेकाठचे नेवासे हे ‘ज्ञानेश्वरी’चे (शके १२१२) स्थान, तर गोदाकाठच्या पुणतांब्यास चांगदेवांची समाधी दाखविली जाते.

प्रश्न प्रथम जर्मन बाजूने मांडणे सोयीचे आहे. कांटने १७८७ मध्ये असे प्रतिपादन केले की, प्रत्येक प्रतीतीला ‘मी विचार करतो’ ही जाणीव जोडता आली पाहिजे. एरवी ती प्रतीती कोणाचीच राहणार नाही. हा ‘मी’ स्वतःला कसा सापडतो, याचा उलगडा मात्र त्याने केला नाही. फिश्टे याच ठिकाणी अडला. तो विद्यार्थ्यांना समोरच्या भिंतीचा विचार करावयास सांगे आणि मग भिंतीचा विचार करणाऱ्याचा विचार करावयास सांगे, अशी आठवण नमूद आहे. पहिल्या आज्ञेत अडचण नाही, दुसरीत आहे. विचार करणाऱ्याला विषय केले की त्याला पाहणारा आणखी एक विचार करणारा मागे उरतो. शिवाय समोर आलेला विषय ‘मीच’ आहे हे ओळखावयाचे, तर स्वतःची ओळख आधीच असावी लागते. म्हणजे जे सिद्ध करावयाचे तेच गृहीत धरले जाते. हे चक्र फिश्टेने १७९७ च्या सुमारास स्पष्टपणे दाखविले. त्याचे महत्त्व डीटर हेनरिख यांनी १९६६ मध्ये पुन्हा सिद्ध केले. फिश्टेचे उत्तर असे की, ‘मी’ ही आधी असलेली आणि मग जाणली जाणारी वस्तू नव्हे. जाणणे हेच तिचे असणे.

आता पासष्टीतील मुख आणि आरसा पाहावा. मुख आरशाच्या आधीच असते. आरसा त्याला घडवीत नाही, केवळ ‘पाहिले गेलेले’ असे रूप देतो. आणि त्या रूपामुळेच मुखाला पाहणारेपण येते. दृश्य सरले की द्रष्टाही सरतो, पण मुख नाहीसे होत नाही. म्हणजे द्रष्टा, दृश्य आणि दर्शन ही त्रिपुटी स्वसंवेदनाचे कारण नसून त्याचा नंतरचा विस्तार आहे. फिश्टेने तर्काने जे चक्र दाखविले ते येथे दृष्टांताने मोडले आहे. या दृष्टांताला केवळ काव्यालंकार मानणे ही टीकाकारांची जुनी खोड आहे. येथे दृष्टांतच युक्तिवाद आहे.

भाषेची गोष्टही दुर्लक्षिण्याजोगी नाही. फिश्टेने ‘इश्’ या सर्वनामाला नपुंसकलिंगी उपपद लावून त्याचे नाम केले आणि एका व्याकरणिक पुरुषाला तत्त्वाचे आसन दिले. मराठीत तसे करू जाता ‘मीपण’ हा शब्द हाती येतो, आणि त्याला लगेच अहंकाराचा वास लागतो. आत्मन् पासून प्राकृतद्वारा आलेला ‘आपण’ हा शब्द मात्र निराळा आहे. आजच्या मराठीत तो स्वतःला उद्देशून येतो, ऐकणाऱ्याला पोटात घेणारे ‘आपण’ही तोच आणि आदरार्थी द्वितीय पुरुषही तोच. आजचे सगळे अर्थ तेराव्या शतकावर लादता येणार नाहीत; तरीही ‘मी’ आणि ‘तू’ यांच्यातील भिंत ज्या भाषेत इतकी पातळ होऊ शकली, त्या भाषेत हे पत्र लिहिले गेले, ही नोंद घेण्याजोगी बाब आहे.

येथवर साम्य आहे. संकल्पस्वातंत्र्याच्या प्रश्नाशी दोघांच्या वाटा फुटतात. १७९४ च्या ग्रंथात फिश्टेच्या ‘मी’ला अडथळा लागतो; अडथळ्यावाचून प्रयत्न नाही आणि प्रयत्नावाचून स्वातंत्र्य नाही. १७९६ च्या न्यायविषयक ग्रंथात तो आणखी पुढे जातो. आपण स्वतंत्र आहोत ही जाणीव जड अडथळ्याने होत नाही. दुसऱ्या स्वतंत्र व्यक्तीने आपल्याला केलेल्या आवाहनाने होते. कोणीतरी हाक मारतो, उत्तर देणे वा न देणे आपल्या हाती असते, आणि त्या क्षणी ‘मी’ला स्वतःचा शोध लागतो. हेगेलने १८०७ मध्ये परस्परमान्यतेची आणि धनी व दास यांच्या झुंजीची जी प्रसिद्ध मांडणी केली, तिचे मूळ येथे आहे.

पासष्टीची जन्मकथा नेमकी अशा आवाहनाची आहे. वयाने लहान म्हणून ‘चिरंजीव’ लिहावे की ज्ञानाने वडील म्हणून ‘तीर्थरूप’, हे न उमगल्याने चांगदेवांनी कोरा कागद पाठविला, असे परंपरा सांगते. मायन्याची अडचण ही वरवर शिष्टाचाराची अडचण. वस्तुतः समोरच्याचे स्थान ठरले नाही तर हाक मारणाऱ्याचेही ठरत नाही, हे तीत दिसते. आवाहन आहे, पण आशय नाही आणि संबोधनही नाही. फिश्टेला याहून शुद्ध उदाहरण मिळाले नसते.

मात्र ज्ञानदेवांचे उत्तर फिश्टेला मान्य होणार नाही. माझा बोल तू ऐकणे म्हणजे तळहाताने तळहातालाच मिठी मारणे, बोलानेच बोल ऐकणे, असे ते म्हणतात. दुसरा कोणी नसेल तर आवाहन कोणाचे आणि स्वातंत्र्य कशापासून? कर्तव्यशास्त्राच्या दृष्टीने पासष्टी येथे रिकामी आहे, हे मान्य केले पाहिजे. ते शोधावयास ‘ज्ञानेश्वरी’च्या अठराव्या अध्यायाकडे जावे लागते. उलट फिश्टेला जे कधीच मिळत नाही, प्रयत्नाचा शेवट, तो येथे सहज आहे. मिठाने पाण्याची खोली मापू जावे आणि मोजणाराच उरू नये, ही स्थिती फिश्टेच्या ‘मी’ला आत्मनाशच वाटली असती.

तथापि पासष्टीचे व्याकरण तिच्या सिद्धान्ताला पुरते वश होत नाही. द्वैत नाकारणारे हे काव्य द्वितीय पुरुषात बोलते. ‘चांगया’, ‘सखया’ ही संबोधने त्यात आहेत. भेटीसाठी जीव उल्हसित होतो आणि आधीच सिद्ध असलेली भेट प्रत्यक्ष भेटीने विस्कटेल या भयाने कचरतो, अशी विलक्षण कबुलीही आहे. ज्ञानाच्या बाजूने दुसरा नाही. भीती आणि आवड यांच्या बाजूने तो आहेच. या ओव्यांना भावनेचा शिडकावा समजून सोडून देणारी अद्वैतपर भाष्ये ग्रंथाचा निम्मा अर्थ गमावतात. हेगेलच्या झुंजीतही दुसऱ्याची गरज आहे, पण तेथे ती मरणाच्या भयातून येते. येथील भय भेट बिघडण्याचे आहे. शेवटाकडे ज्ञानदेव आणखी एक गोष्ट सांगतात. स्वानुभवाचा हा खाऊ माउली निवृत्तिनाथांनी आपल्याला दिला, आणि तोही चांगदेवा, तुझ्या निमित्ताने. प्रथम पुरुषाचे आत्मज्ञान येथे तृतीय पुरुषाकडून, द्वितीय पुरुषाच्या निमित्ताने आले आहे.