न विकल्या गेलेल्या गेम शोचा पायलट भाग आणि प्रेक्षकमत : नेरे (ता. पनवेल) येथील ग्रामीण प्रेक्षकाच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

दूरचित्रवाणीवरील कोणत्याही कार्यक्रमाचा विचार सामान्यतः तो प्रक्षेपित झाल्यानंतर केला जातो. परंतु प्रत्येक प्रक्षेपित कार्यक्रमामागे असे काही कार्यक्रम असतात की ज्यांचा केवळ एक भाग तयार होतो, तो वाहिनीला किंवा प्रायोजकाला दाखविला जातो आणि तेथेच त्याचा प्रवास संपतो. अशा पहिल्या चाचणी भागास व्यवसायात 'पायलट' असे म्हणतात. न विकल्या गेलेल्या पायलट भागाविषयी प्रेक्षकाचे मत हा विषय वरकरणी क्षुल्लक वाटतो. मात्र 'आपण काय पाहावे हे कोण ठरवितो?' हा दूरचित्रवाणीच्या समीक्षेतील मूलभूत प्रश्न याच विषयाच्या आधारे अधिक स्पष्टपणे मांडता येतो.

रायगड जिल्ह्यातील पनवेल तालुक्यात असलेले नेरे हे गाव या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे. कुष्ठरुग्णांच्या पुनर्वसनाचे कार्य करणाऱ्या 'शांतिवन' मुळे हे गाव महाराष्ट्रात परिचित आहे. ज्या मुंबईत हिंदी व मराठी वाहिन्यांचे बहुतांश निर्णय होतात, त्या महानगराच्या अगदी सीमेवर ते वसलेले आहे. तरीही ग्रामीण म्हणून येथील प्रेक्षक दीर्घकाळ मोजणीबाहेर राहिला. निर्णयकेंद्राच्या इतका निकट आणि निर्णयापासून इतका दूर असा हा प्रेक्षक प्रस्तुत लेखाच्या केंद्रस्थानी आहे.

लेखाची उद्दिष्टे

१) गेम शोच्या पायलट भागाविषयीचे प्रेक्षकमत कितपत विश्वसनीय असते, याची चिकित्सा करणे.
२) भारतीय व विशेषतः मराठी दूरचित्रवाणीत अशा मतास कोणते स्थान मिळाले, हे पाहणे.
३) ग्रामीण प्रेक्षकाचे मत घेण्याची अधिक योग्य पद्धत सुचविणे.

पायलट भाग आणि मत मोजण्याची परंपरा

प्रक्षेपणापूर्वी प्रेक्षकाचे मत घेण्याची पद्धत रेडिओच्या काळापासून चालत आली आहे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस पॉल लाझार्सफेल्ड व फ्रँक स्टँटन यांनी अमेरिकेत 'प्रोग्रॅम अ‍ॅनालायझर' नावाचे यंत्र विकसित केले. श्रोत्यांच्या हाती दोन बटणे दिली जात. आवडले तर हिरवे, नावडले तर लाल. त्यावरून कार्यक्रमातील क्षणाक्षणाची आवड-नावड कागदावर नोंदविली जाई. पुढे हीच कल्पना चित्रपट व दूरचित्रवाणीने स्वीकारली.

या पद्धतीची मर्यादा लवकरच दिसून आली. १९८९ मध्ये अमेरिकेतील 'साइनफेल्ड' या विनोदी मालिकेच्या पायलट भागास चाचणीतील प्रेक्षकांनी दुबळा ठरविले होते. हीच मालिका पुढे तेथील सर्वाधिक लोकप्रिय मालिकांपैकी एक झाली. याउलट प्रेक्षकांना आवडूनही न विकले गेलेले पायलट असू शकतात, कारण खरेदीचा निर्णय केवळ आवडीवर होत नाही. प्रक्षेपणाची वेळ, निर्मितीचा खर्च, प्रायोजकाची गरज आणि प्रतिस्पर्धी वाहिनीवरील कार्यक्रम हे घटकही तितकेच निर्णायक असतात. तेव्हा 'विकला गेला नाही, म्हणजे वाईट होता' आणि 'विकला गेला नाही, म्हणजे अन्याय झाला' ही दोन्ही प्रचलित मते घाईची ठरतात.

येथे आणखी एक बाब लक्षात घ्यावी लागते. पायलट विकला गेला नाही हे ज्या प्रेक्षकास आधीच ठाऊक असते, तो कार्यक्रम पाहत नाही. तो अपयशाचे कारण शोधत असतो. एरवी ज्या संथ सूत्रसंचालनाकडे त्याने दुर्लक्ष केले असते, तेच आता त्यास दोष वाटू लागते. निकाल कळल्यानंतर दिलेली साक्ष म्हणून अशा मताकडे सावधपणे पाहावयास हवे.

गेम शोची विशेष अडचण

कथामालिकेच्या पायलटमध्ये पात्रे, संवाद व कथासूत्र यांचा खरा नमुना मिळतो. गेम शोच्या बाबतीत तसे होत नाही. गेम शोचा प्राण म्हणजे समोरच्या व्यक्तीचे खरोखर काहीतरी पणास लागलेले असणे. पायलट भागात स्पर्धक अनेकदा नट किंवा निर्मितीसंस्थेच्या परिचयातील व्यक्ती असतात आणि जाहीर केलेले बक्षीस प्रत्यक्षात दिले जातेच असे नाही. थोडक्यात, ज्या उत्कंठेवर हा प्रकार उभा आहे, तिचाच तेथे अभिनय केलेला असतो. त्यामुळे प्रेक्षक नियम, मांडणी, सूत्रसंचालक व गती यांविषयी मत देऊ शकतो. उत्कंठेविषयी त्याचे मत अपुऱ्या पुराव्यावर आधारलेले राहते.

२००० मध्ये मुंबईचे हर्षवर्धन नवाथे 'कौन बनेगा करोडपती'च्या अखेरच्या प्रश्नापर्यंत पोहोचले, तेव्हा पडद्यासमोरील कुटुंबांनी जी धडधड अनुभवली ती कोणत्याही पायलट भागास देता आली नसती. तेथे १ कोटी रुपये आणि एका तरुणाचे भवितव्य खरोखर पणास लागले होते.

या अडचणीची दुसरी बाजू अमेरिकेतील 'ट्वेंटी-वन' या प्रश्नमंजूषेने दाखवून दिली. १९५६ मध्ये तिचा पहिला प्रयोग प्रामाणिकपणे खेळविला गेला. स्पर्धकांना उत्तरे येईनात आणि कार्यक्रम रटाळ झाला. प्रायोजकाने तीव्र नाराजी व्यक्त केली. त्यानंतर निर्मात्यांनी स्पर्धकांस उत्तरे आधीच पुरविण्यास प्रारंभ केला. १९५९ मध्ये चार्ल्स व्हॅन डोरेन यांनी अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे याची कबुली दिली आणि १९६० मध्ये असा बनाव कायद्याने गुन्हा ठरविण्यात आला. प्रामाणिक खेळ नीरस होऊ शकतो आणि बनावट खेळ रंजक होऊ शकतो. 'मजा आली का?' एवढाच प्रश्न प्रेक्षकास विचारणे म्हणूनच अपुरे, प्रसंगी घातक ठरते.

भारतीय व मराठी संदर्भ

मुंबई दूरदर्शन केंद्राचा प्रारंभ २ ऑक्टोबर १९७२ रोजी झाला. १९८० च्या दशकात प्रायोजित कार्यक्रमांचे युग अवतरल्यानंतर निर्मात्याने प्रस्ताव व पायलट भाग दूरदर्शनकडे सादर करावयाचा आणि मान्यता मिळाल्यास प्रायोजक शोधावयाचा, अशी रीत रुळली. येथे पायलटचा पहिला प्रेक्षक अधिकारी होता आणि दुसरा प्रायोजक. घराघरांतील प्रेक्षकाचा क्रमांक या दोघांनंतर लागत असे.

खासगी वाहिन्यांच्या काळात अधिकाऱ्याची जागा परदेशी आराखड्याने घेतली. 'हू वाँट्स टू बी अ मिलियनेअर' हा कार्यक्रम ४ सप्टेंबर १९९८ रोजी ब्रिटनमध्ये सुरू झाला. त्याच्या पायलटसाठी केलेले संगीत प्रक्षेपणापूर्वी बदलण्यात आले होते. म्हणजे चुका सुधारण्याची प्रक्रिया तेथेच पार पडली. ३ जुलै २००० रोजी 'कौन बनेगा करोडपती' स्टार प्लसवर आला, तेव्हा मांडणी, प्रकाशयोजना, संगीत व नियम हे सर्व अन्य देशातील प्रेक्षकांवर पारखून झालेले होते. भारतीय प्रेक्षकास आवडीविषयी विचारण्याची निकड उरली नव्हती. बक्षिसाची रक्कम लाखावरून कोटीवर नेण्याचा निर्णयही वाहिनीचे मालक रूपर्ट मर्डोक यांचा होता, असे सांगितले जाते.

केवळ रक्कम वाढवून प्रेक्षक मिळत नाही, हे त्याच वर्षी सिद्ध झाले. झी टीव्हीने १० कोटींचे बक्षीस जाहीर करून 'सवाल दस करोड का' सुरू केला. अनुपम खेर व मनीषा कोईराला यांच्यासारखे कलावंत असूनही तो अल्पावधीत बंद पडला. १ कोटी ही रक्कम मध्यमवर्गीय घराच्या स्वप्नात बसत होती. १० कोटींचा आकडा त्या स्वप्नाच्या पलीकडे गेला असावा, असे अनुमान करता येते.

मराठीत हाच आयात आराखडा २०१३ मध्ये ई टीव्ही मराठीवर 'कोण होईल मराठी करोडपती' आणि २०१९ मध्ये सोनी मराठीवर 'कोण होणार करोडपती' या नावाने आला. परंतु मराठी गेम शोचा सर्वांत दीर्घायुषी नमुना वेगळ्या मातीतून उगवला. १३ सप्टेंबर २००४ रोजी तत्कालीन अल्फा मराठी वाहिनीवर सुरू झालेला 'होम मिनिस्टर' २०२२ पर्यंत चालला. त्यात भव्य रंगमंच नव्हता. सूत्रसंचालक आदेश बांदेकर प्रत्यक्ष घरी जात, 'वहिनीं'शी गप्पा मारीत, सोपे खेळ घेत आणि विजेतीस पैठणी देत. उखाणा, हळदीकुंकू व मंगळागौरीचे खेळ या परंपरेतून मराठी स्त्रीस हा प्रकार आधीच परिचित होता. या खेळाची चाचणी जणू कित्येक पिढ्यांनी माजघरात घेऊन ठेवली होती.

मात्र येथेही एक विसंगती नोंदविणे आवश्यक आहे. या कार्यक्रमात सामान्य स्त्रीला स्पर्धक म्हणून मानाचे स्थान मिळाले. परीक्षक म्हणून मिळाले नाही. २०२२ मधील 'महामिनिस्टर' या पर्वात ११ लाख रुपयांची पैठणी जाहीर झाली. पैठणीचा मान तिच्या किमतीत आहे की ती घरी येऊन सन्मानाने दिली जाण्यात आहे, हा प्रश्न वहिनींनाच आधी विचारावयास हवा होता.

मोजणीबाहेरचे गाव

पायलट भागास मतदानाचा अधिकार नसला तरी प्रक्षेपणानंतर टीआरपीद्वारे प्रेक्षक आपले मत देतो, असा युक्तिवाद केला जातो. तो नेरेसारख्या गावाच्या बाबतीत दीर्घकाळ लागू पडत नव्हता. टॅम या संस्थेची मोजणी प्रामुख्याने शहरी घरांपुरती मर्यादित होती. बार्क या संस्थेने २०१५ मध्ये काम सुरू केले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ग्रामीण भारताची आकडेवारी प्रथमच नियमितपणे समोर आली. म्हणजे 'कौन बनेगा करोडपती' आला, 'सवाल दस करोड का' आला आणि गेला, 'होम मिनिस्टर'ने दहा वर्षे पूर्ण केली. या संपूर्ण काळात ग्रामीण घरातील संच चालू होता की बंद, याची नोंद निर्णयाच्या कागदावर नव्हती.

ग्रामीण भागातील पाहण्याची रीतही भिन्न असते. चाचणीगृहातील प्रेक्षक खुर्चीत बसून एकाग्रतेने पाहतो. गावातील गृहिणी सायंकाळच्या स्वयंपाकात, मुलांचा अभ्यास घेता घेता आणि शेजारणीशी बोलत पाहते. पाच मिनिटे उठून गेल्यानंतर परत आल्यावर खेळ कळतो की नाही, ही तिची कसोटी असते. पनवेल तालुक्यात आगरी बोलीचा वावर मोठा आहे. तेव्हा सूत्रसंचालकाची प्रमाण मराठी जवळची वाटते की परकी, हाही मताचा भाग होतो. लाल-हिरव्या बटणात यांपैकी काहीच नोंदले जात नाही.

पर्यायी पद्धत

महाराष्ट्रात याचा एक उत्तम पूर्वादर्श उपलब्ध आहे. १९५६ मध्ये आकाशवाणी पुणे केंद्र व युनेस्को यांच्या सहकार्याने ग्रामीण रेडिओ श्रोतामंडळांचा प्रयोग झाला. पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत श्रोत्यांचे गट एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपली मते व प्रश्न केंद्राकडे पाठवीत. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने पॉल न्यूरथ यांनी त्याचे मूल्यमापन केले. विषय शेती व ग्रामविकासाचा होता. तथापि ग्रामस्थांचे मत निर्मात्यापर्यंत पोहोचविण्याची ती पद्धत मनोरंजनासही लागू करता येईल.

त्या धर्तीवर नेरे येथे महिला बचत गट, ज्येष्ठ नागरिक व महाविद्यालयीन विद्यार्थी यांचे लहान गट करून पायलट भाग दाखविता येईल. त्यासाठी पुढील पथ्ये पाळावीत. पायलट विकला गेला की नाही, हे आधी सांगू नये. प्रत्येक फेरीनंतर खेळाचा नियम प्रेक्षकाकडूनच वदवून घ्यावा. जो नियम शेजारणीस दोन वाक्यांत सांगता येत नाही, तो सदोष समजावा. त्यानंतर गटाने तो खेळ लहानशा पण खऱ्या बक्षिसासाठी स्वतः खेळावा, म्हणजे पायलटमध्ये हरवलेली उत्कंठा काही अंशी परत मिळेल. शेवटी 'आवडला का?' याऐवजी 'या खेळात तुमच्या घरातील कोणी बसलेले तुम्हांस चालेल का?' असे विचारावे. या प्रश्नाच्या उत्तरात रंजकतेबरोबर प्रतिष्ठेचा विचारही येतो आणि स्पर्धकाची थट्टा करून हशा मिळविणारा कार्यक्रम तेथे उघडा पडतो.

निष्कर्ष

१) पायलट भाग न विकला जाणे हा त्याच्या गुणवत्तेचा पुरावा नव्हे, तसेच निकाल ठाऊक असलेल्या प्रेक्षकाचे मत निरपेक्ष मानता येत नाही.
२) गेम शोच्या पायलटमध्ये पणास लागलेले काही खरे असेलच याची खात्री नसल्याने त्याविषयीचे मत नियम व मांडणीपुरते ग्राह्य धरावे.
३) भारतीय दूरचित्रवाणीत अधिकारी, प्रायोजक व परदेशी आराखडा यांनी प्रेक्षकाच्या वतीने निर्णय घेतले; ग्रामीण प्रेक्षक २०१५ पर्यंत नियमित मोजणीतही नव्हता.
४) 'होम मिनिस्टर'चे दीर्घायुष्य लोकपरंपरेतील खेळांशी असलेल्या नात्यातून समजून घ्यावे लागते.
५) १९५६ च्या श्रोतामंडळांच्या धर्तीवर गटचर्चेची पद्धत ग्रामीण प्रेक्षकमतासाठी अधिक उपयुक्त ठरेल.

ग्रामीण प्रेक्षकास स्पर्धकाच्या खुर्चीत बसविण्यास मराठी वाहिन्या शिकल्या आहेत. त्यास परीक्षकाच्या खुर्चीत बसविण्याचे काम अद्याप शिल्लक आहे आणि ते एखाद्या महाविद्यालयाने आपल्या परिसरातील गावापासून सुरू करण्यास कोणताही अडसर नाही.