नूव्हेल तेओलोजी

नूव्हेल तेओलोजी : (नवे ईश्वरशास्त्र). कॅथलिक ईश्वरशास्त्राच्या पुनरुज्जीवनाची, सुमारे १९३५ ते १९६० या काळातील, मुख्यतः फ्रान्समधील चळवळ. हे नाव विरोधकांनी रूढ केले. पुरस्कर्त्यांना ते मान्य नव्हते. आपण नवे काही सांगत नसून विस्मृतीत गेलेले जुनेच पुढे आणत आहोत, अशी त्यांची भूमिका होती.

पोप तेरावा लिओ याने १८७९ मध्ये सेंट टॉमस अक्वाय्नसच्या विचारांना कॅथलिक शिक्षणात अग्रस्थान दिले. पुढे मात्र मूळ ग्रंथ बाजूस पडून पाठ्यपुस्तकांतील ठरीव सिद्धांतांना महत्त्व आले. ईश्वरशास्त्राला इतिहासाची जोड हवी, असे डोमिनिकन पंथीय मारी-दोमिनीक शन्यू याने १९३७ मध्ये प्रतिपादिले. त्याचे पुस्तक १९४२ मध्ये निषिद्ध ग्रंथांच्या सूचीत गेले. त्याच वर्षी लीआँ येथील जेझुइटांनी आद्य धर्मपित्यांच्या ग्रंथांची ‘सूर्स क्रेतियेन’ ही माला सुरू केली. तिचे सहाशेहून अधिक खंड निघाले आहेत.

वादाचे केंद्र ठरला तो आंरी द ल्यूबाक (१८९६–१९९१) याचा स्यूर्नात्यूरेल (१९४६) हा ग्रंथ. मानवी प्रकृती स्वतःपुरती पूर्ण असून ईश्वरी कृपा तिच्यावर वरून चढविलेला मजला आहे, ही कल्पना अक्वाय्नसची नसून त्याच्या उत्तरकालीन भाष्यकारांची आहे, असे त्याने दाखविले. त्याच्या मते ईश्वरदर्शनाची ओढ मानवात उपजतच आहे. ती नाकारली, की धर्म जीवनाला अनावश्यक ठरतो. यावरील आक्षेपही वजनदार होता : ओढ उपजत असेल, तर ती पुरविणे ईश्वराला बंधनकारक ठरेल आणि कृपा हे दान राहणार नाही. बाराव्या पायसच्या ‘हुमानी जेनेरिस’ (१९५०) या परिपत्रकाने, कोणाचे नाव न घेता, हाच इशारा दिला. द ल्यूबाकला त्याच वर्षी अध्यापनापासून दूर केले गेले. ईव्ह काँगार याला १९५४ मध्ये पॅरिस परिसर सोडावा लागला.

तेविसाव्या जॉनने या दोघांनाही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या (१९६२–६५) पूर्वतयारीत सामावून घेतले. परिषदेच्या साक्षात्कार व चर्च यांविषयीच्या दस्तऐवजांवर चळवळीचा ठसा स्पष्ट आहे. द ल्यूबाक १९८३ मध्ये व काँगार १९९४ मध्ये कार्डिनल झाले.

परंपरा म्हणजे केवळ नजीकचा भूतकाळ नव्हे, हे दाखवून देणे ही या चळवळीची चिरस्थायी कामगिरी होय. तथापि मूळ स्रोतांकडे परतल्यावर त्यांच्या आधारे आजचे प्रश्न कसे सोडवावयाचे, याविषयी तिच्यात एकवाक्यता नव्हती. ‘काँसीलियुम’ (१९६५) व ‘कोम्यूनियो’ (१९७२) या नियतकालिकांभोवती पडलेले दोन तट हे याचेच द्योतक आहे. द ल्यूबाकने आक्षेपाला १९६५ मध्ये सविस्तर उत्तर दिले. तथापि दान आणि ओढ यांच्या संबंधाचा प्रश्न मिटलेला नाही. तो पाठ्यपुस्तकी उत्तरांतून सोडवून पुन्हा विचाराधीन करणे, यातच या चळवळीचे मोल आहे.