खरखर कोणाची? – 'क्वीन रॉक मॉन्ट्रियल' या चित्रपटाच्या निमित्ताने

 

मागच्या आठवड्यात आजचा विषय जाहीर केला, तेव्हा एकाने मला रस्त्यात थांबवून विचारलं, "सर, हळदीचे दिवस आहेत, माणसं थकून येणार, आणि तुम्ही इंग्रजी गाणाऱ्यावर बोलणार?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मी शेवटी देईन. अर्धं उत्तर मात्र आत्ताच देतो. हा इंग्रजी गाणारा आपल्या सातारा जिल्ह्यात, पाचगणीला शिकला आहे.

त्याचं मूळ नाव फारुख बलसारा. पारशी कुटुंब. जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांझिबारचा. आईवडिलांनी त्याला लहानपणीच पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या बोर्डिंगमध्ये ठेवलं. तिथे तो पियानो शिकला, तिथेच त्याचा 'फ्रेडी' झाला. १९५८ च्या सुमारास त्याने आणि चार मित्रांनी 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. रेडिओवर आणि तबकड्यांवर ऐकलेलं रॉक अँड रोल ही पोरं शाळेच्या कार्यक्रमांत वाजवायची. गंमत अशी की त्या बँडचा मुख्य गायक दुसराच मुलगा होता, फ्रेडी पियानोवर असायचा. १९६४ मध्ये झांझिबारला क्रांती झाली, बलसारा कुटुंब इंग्लंडला गेलं. १९७० मध्ये 'क्वीन' हा बँड उभा राहिला आणि फारुख बलसाराचा फ्रेडी मर्क्युरी झाला.

आता चित्रपटाकडे येऊ. २४ आणि २५ नोव्हेंबर १९८१ या दोन रात्री कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात क्वीनचे कार्यक्रम झाले. सॉल स्विमर या दिग्दर्शकाने ते चित्रित केले. 'वी विल रॉक यू' या नावाने तो चित्रपट आला. नंतर २००७ मध्ये दुरुस्त करून 'क्वीन रॉक मॉन्ट्रियल' या नावाने आला, आणि जानेवारी २०२४ मध्ये आणखी साफसूफ होऊन आयमॅक्सच्या भल्यामोठ्या पडद्यावर लागला. मी आयमॅक्सला गेलो नाही. नातवाकडे पुण्यात मोठ्या टीव्हीवर पाहिला, दोनदा.

हा जीर्णोद्धार शक्य कसा झाला, ते आधी समजून घेऊ. त्या काळात असे कार्यक्रम बहुतेक वेळा व्हिडिओवर टिपले जात. व्हिडिओच्या चित्रात आडव्या रेषा ठरावीक, पाचशे-सहाशेच्या आसपास. तो कितीही मोठा करा, नवा तपशील येत नाही, नुसता पसारा वाढतो. स्विमरने मात्र ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रण केलं. फिल्मच्या निगेटिव्हमध्ये त्या वेळच्या पडद्यावर दिसायचं त्यापेक्षा जास्त साठवलेलं असतं. चाळीस वर्षांनी चांगलं स्कॅनिंग यंत्र आलं की ते बाहेर काढता येतं. एका सेकंदाला २४ फ्रेम. दीड तासाच्या चित्रपटात एक लाख तीस हजारांच्या आसपास फ्रेम होतात. त्यांच्यावरची धूळ आणि ओरखडे काढायचे, रंग जुळवायचे, वेगवेगळ्या ट्रॅकवरचा आवाज पुन्हा मिसळायचा. हे मोठं कष्टाचं काम आहे, आणि ते उत्तम झालं आहे, हे मी प्रथमच सांगून टाकतो.

चित्रपट चांगला आहे का? माझं मत असं की गाणाऱ्याचा चित्रपट म्हणून तो फार चांगला आहे. कोणी निवेदक येऊन सांगत नाही की हा थोर आहे. मुलाखती नाहीत, बालपण नाही, आजारपण नाही. २०१८ चा 'बोहेमियन रॅप्सडी' आपल्यापैकी तरुणांनी पाहिला असेल. त्यात एका नटाने फ्रेडी उभा केला, ऑस्करही मिळवलं. पण तिथे प्रत्येक गाण्याला कथेचं काहीतरी काम करावं लागतं. इथे गाणं फक्त गाणं असतं. पियानोवर बसून तो 'समबडी टू लव्ह' गातो, तेव्हा कॅमेरा त्याच्या चेहऱ्याच्या इतका जवळ जातो की श्वास कुठे घेतला ते दिसतं. जबडा, गळ्याच्या शिरा, कपाळावरचा घाम. गाणं ही शरीराने करायची मेहनत आहे, हे इतकं स्पष्ट मी क्वचित पाहिलं आहे. पुढे तो एल्व्हिस प्रेस्लीचं 'जेलहाउस रॉक'ही गातो. तेव्हा मला पाचगणीची ती पाच पोरं आठवली.

एक जागा मला फार प्रामाणिक वाटते. 'बोहेमियन रॅप्सडी' या गाण्याच्या मधल्या भागात ऑपेरासारखे आवाजावर आवाज चढवलेले आहेत. चार माणसांना ते स्टेजवर गाता येणं शक्यच नव्हतं. मग ते काय करायचे? तेवढा भाग ध्वनिफितीवर वाजायचा आणि चौघेही स्टेज सोडून आत जायचे. तोंड हलवून गातोय असं दाखवायचे नाहीत. यंत्राची वेळ आली की माणसाने बाजूला व्हायचं, आणि ते लोकांना दिसू द्यायचं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणखी एक गोष्ट. पहिल्या रात्रीची तारीख मी सांगितली, २४ नोव्हेंबर १९८१. फ्रेडी मर्क्युरी वारला तो २४ नोव्हेंबर १९९१ ला, म्हणजे बरोबर दहा वर्षांनी. मॉन्ट्रियलच्या त्या सभागृहात बसलेल्या कोणालाही हे ठाऊक नव्हतं. आपल्याला ठाऊक आहे. म्हणजे फ्रेम कितीही स्वच्छ केल्या तरी त्या लोकांनी पाहिला तो कार्यक्रम आपल्याला दिसत नाही. आपण दुसरंच काही पाहतो, ज्यात शेवट आधीच मिसळलेला आहे. तो काढून टाकणारं यंत्र नाही.

आता दोष. माझ्या मते दोष दोन आहेत, आणि दोन्ही जीर्णोद्धार करणाऱ्यांचे नाहीत, मूळ दिग्दर्शकाचे आहेत.

पहिला दोष असा की या चित्रपटात श्रोता जवळजवळ नाहीच. त्याचा आवाज येतो, पण तो दिसतो फार थोडा, आणि तोही अंधारात. आता 'वी विल रॉक यू' हे गाणं कशासाठी रचलं आहे? दोनदा पाय आपटा, एकदा टाळी वाजवा, आणि ते सगळ्या सभागृहाने करायचं. गाण्याचं निम्मं अंग श्रोत्याच्या हातापायांत आहे. आपण नरसीच्या जवळचे लोक आहोत, आपल्याला हे सांगायला नको. नामदेवांचं कीर्तन पंजाबात घुमानपर्यंत गेलं, गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत. ध्वनिफीत नव्हती, मग ते इतकं टिकलं कशावर? पाठीमागे उभं राहून धृपद धरणाऱ्यांवर. कीर्तनात टाळकरी काढून टाका आणि एकट्या बुवांचा चेहरा जवळून दाखवा. चेहरा दिसेल, कीर्तन दिसणार नाही.

याच्या उलट लंडनच्या वेम्बली स्टेडियमवरचा १३ जुलै १९८५ चा 'लाइव्ह एड' कार्यक्रम पाहा. ते टीव्हीसाठी केलेलं व्हिडिओ चित्रण आहे. मॉन्ट्रियलच्या मानाने चित्र धूसर. पण फ्रेडी नुसते आलाप घेतो आणि अख्खं स्टेडियम ते परत करतं, हजारो हात एकाच वेळी वर जातात, ते त्यात दिसतं. चित्र कमी प्रतीचं, पण गोष्ट जास्त पूर्ण.

स्विमरला हे कळत नव्हतं असं म्हणता येत नाही. 'द कॉन्सर्ट फॉर बांगलादेश' हा चित्रपट त्याचाच. १ ऑगस्ट १९७१, न्यूयॉर्क. रविशंकर आणि अली अकबर खाँ वाद्यं सुरात लावत होते, लोकांना वाटलं वादनच झालं, आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. रविशंकरांनी हसून त्यांना समज दिली. ती चूक त्या चित्रपटात जशीच्या तशी आहे. त्या एका चुकीतून आपल्याला कळतं की समोर कोण बसलं होतं, त्यांना काय येत होतं आणि काय येत नव्हतं. दहा वर्षांनी त्याच दिग्दर्शकाने श्रोत्याला अंधारात ठेवलं. आज जगातली कितीही भारी यंत्रं लावली, तरी जे कॅमेऱ्याने टिपलंच नाही ते परत येणार नाही. जीर्णोद्धार मूळ निवडीच्या पलीकडे जाऊ शकत नाही.

दुसरा दोष. दोन रात्रींचं चित्रण कापून-जोडून एक रात्र केली आहे, आणि सांधा दिसू दिलेला नाही. तुम्ही म्हणाल, सगळेच असं करतात. करतात. पण आपण औंढ्याला जातो तेव्हा काय पाहतो? खाली काळ्या दगडातलं यादवकालीन कोरीव काम, आणि वरचा भाग नंतरच्या जीर्णोद्धारातला. कुठे जुनं संपलं आणि कुठे नवं सुरू झालं, हे लहान मुलालाही बोट ठेवून दाखवता येतं. त्याने देवळाची प्रतिष्ठा कमी होत नाही. उलट आपल्याला विश्वास वाटतो, की आपल्याला फसवलेलं नाही. रॅप्सडीच्या वेळी स्टेज सोडून आत जाणाऱ्या त्या चौघांकडे हा प्रामाणिकपणा होता. त्यांच्या चित्रपटाकडे तो नाही.

आता शेवटचा भाग, आणि त्या रस्त्यातल्या प्रश्नाचं राहिलेलं अर्धं उत्तर.

माझे वडील गावच्या भजनी मंडळात होते. त्यांच्या एका एकादशीच्या भजनाची कॅसेट आमच्याकडे होती, १९८० नंतर केव्हातरी भरलेली. काही वर्षांपूर्वी मी ती एका दुकानात नेली. दुकानदाराला म्हणालो, "खरखर सगळी काढा, वडिलांचा आवाज स्वच्छ येऊ द्या." त्याने विचारलं, "कॅसेट परत पाहिजे का?" मी म्हणालो, "काय करायची?"

आवाज स्वच्छ आला. इतका स्वच्छ, की वडील एकटेच एखाद्या बंद खोलीत गात आहेत असं वाटावं. मूळ कॅसेटमध्ये टाळ होते, मागून ओळ उचलणारे सात-आठ जण होते, त्यातला एक कायम अर्धी मात्रा उशिरा यायचा. आणि मध्येच एका ठिकाणी स्वयंपाकघरातून आईचा आवाज यायचा, "चहा झालाय, पखवाजवाल्याला आधी द्या." टाळ आणि माणसं लांब गेल्यासारखी झाली, आणि आईचा आवाज गेला. यंत्राच्या लेखी ती खरखर होती. दुकानदाराचा यात काही दोष नाही, त्याने मी सांगितलं तेच केलं. तत्त्वज्ञानात डॉक्टरेट केलेल्या माणसाला त्या दिवशी एवढा साधा प्रश्न सुचला नाही की खरखर म्हणजे काय, आणि ते ठरवायचं कोणी.

आजचं तंत्र याच्या फार पुढे गेलं आहे. जॉन लेननने घरी पियानोवर गाऊन एक कॅसेट भरली होती. संगणकाने त्यातून त्याचा आवाज पियानोपासून वेगळा काढला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये 'नाऊ अँड देन' हे बीटल्सचं गाणं बाहेर आलं. मला ते ऐकायला आवडलं. मी यंत्राच्या विरोधात नाही. माझ्या नातवाला खरखरीतून आजोबा ऐकायचा कंटाळा येत असेल, तर स्वच्छ प्रत त्याच्यासाठी जरूर हवी. माझं म्हणणं एवढंच की जतन करणं आणि साफ करणं ही दोन वेगळी कामं आहेत. साफ केलेली प्रत हा एका माणसाचा, एका दिवसाचा निर्णय असतो. उद्याच्या माणसाला तो बदलावासा वाटला, तर मूळ शिल्लक पाहिजे. क्वीनचा चित्रपट २००७ मध्ये एकदा आणि २०२४ मध्ये पुन्हा साफ होऊ शकला, कारण कोणीतरी मूळ फिल्म फेकली नव्हती.

आपल्याकडे काय झालं? पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. जानेवारी २००३ मध्ये तिथल्या जुन्या नायट्रेट फिल्म आगीत जळाल्या. त्या आता कोणतंही यंत्र परत आणणार नाही. ही झाली मोठ्यांची गोष्ट. वामनदादा कर्डक २००४ मध्ये गेले. आयुष्यभर खेडोपाडी, वस्त्यावस्त्यांवर गायले. त्यांच्यासारखे शाहीर, भारुडवाले, गोंधळी, भजनी मंडळं, यांचं गाणं संग्रहालयात कमी आणि घरातल्या ट्रंकेत जास्त आहे. त्या कॅसेटला बुरशी लागते आहे. क्वीनच्या मागे पैसा होता, कंपनी होती. या ट्रंकेच्या मागे आपण आहोत, दुसरं कोणी नाही.

म्हणून हळदीच्या दिवसांत हा विषय. शिजवणं, वाळवणं उरकलं की एक दिवस ट्रंक उघडा. कॅसेट निघाली तर आधी आहे तशी उतरवून घ्या, खरखरीसकट. कोण गातंय, कुठे, कोणत्या साली, मागे कोण कोण बसलं होतं, हे कागदावर लिहून ठेवा. ते ओळखणारी माणसं अजून आहेत, तोवर लिहा. मग हवी तेवढी साफ करा. आणि दुकानदाराने "कॅसेट परत पाहिजे का" असं विचारलं, तर मी दिलं ते उत्तर देऊ नका.

इथे थांबतो.