व्यापारयुद्ध नेमकं कुणाकुणात? जालन्यातून एक वाचन

मॅथ्यू क्लाइन आणि मायकेल पेटिस यांचं ‘ट्रेड वॉर्स आर क्लास वॉर्स’ (२०२०) हे पुस्तक जरूर वाचा. अमेरिका-चीनचं भांडण वरवर दोन देशांचं दिसतं, पण मूळ देशांच्या आत आहे, असं ते म्हणतात. चिनी कामगाराच्या हाती उत्पन्नाचा वाटा कमी येतो, म्हणून तिथला माल तिथे खपत नाही. तो अमेरिकेत जातो आणि तिथल्या कामगाराचा रोजगार जातो.

इथपर्यंत पटतं. पण पुस्तकाचा सगळा भर चीन, जर्मनी आणि अमेरिकेवर. तिसरीकडचा शेतकरी कुठे?

जुलै २०१८ मध्ये चीनने अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के जादा शुल्क लावलं. शिकागोत भाव पडले, चीनची खरेदी ब्राझीलकडे वळली. ट्रम्प सरकारने आपल्या शेतकऱ्यांना १२ अब्ज डॉलरपर्यंत मदत जाहीर केली.

आता जालन्याचा मोंढा बघा. इथला सोयाबीनचा भाव तेल आणि पेंडीच्या जागतिक बाजाराशीही बांधलेला आहे. म्हणजे भांडणाची झळ इथवर पोचू शकते, भरपाई मात्र तिकडेच थांबते. वर्गाचा हिशोब मांडायचा, तर परतूरच्या कोरडवाहू शेतकऱ्यालाही त्यात धरावं लागेल. लेखकांनी दाखवलेली वाट बरोबर आहे. ती अर्ध्यावर संपते, इतकंच.