पदकातले सोने आणि बोर्डाची किंमत

टोकियो ऑलिंपिकची पदके जुन्या फोन-संगणकांतल्या धातूंपासून घडवली, ही गोष्ट आपण वर्गात हौसेने सांगतो. गोष्ट खरी आहे. एप्रिल २०१७ ते मार्च २०१९ या काळात जपानभर ७८,९८५ टन लहान विद्युत उपकरणे जमा झाली आणि पदकांसाठी ३२ किलो सोने मिळाले. आमची तक्रार आहे ती मुले यातून काढतात त्या तात्पर्याबद्दल : ‘जुना बोर्ड म्हणजे सोन्याची खाण.’

भागाकार करून पाहा. टनामागे अर्धा ग्रॅमही सोने येत नाही! अर्थात त्या ढिगात प्लॅस्टिक, लोखंड, सगळेच होते. नुसते संगणकाचे बोर्ड तोलले तर टनामागे शंभर ग्रॅमहून अधिक सोने असू शकते. पण शाळेच्या कपाटात टनभर बोर्ड नसतात, असतात दहा-वीस.

आता रॅमची एक जुनी पट्टी हातात घ्या. डीडीआर-३ जातीच्या पट्टीला २४० सोनेरी संपर्कबिंदू असतात. प्रत्येकाचे क्षेत्रफळ सुमारे २ चौरस मिलिमीटर धरू. मुलामा एक मायक्रोमीटर जाडीचा मानला (बहुधा तो याहून पातळच असतो), तरी सोने भरते जेमतेम ९ मिलिग्रॅम. सोन्याचा आजचा भाव लावून त्याची किंमत मुलांनाच काढू द्या. मग चालू स्थितीतली तीच पट्टी बाजारात कितीला जाते, याची चौकशी करायला सांगा.

हा फरक कशाचा? धातू तेच, वजनही तेच. किंमत आहे ती रचनेची. ती घडवताना खर्ची पडलेली वीज, शुद्ध पाणी आणि कौशल्य भट्टीतून परत मिळत नाही. सगळे धातूही मिळत नाहीत. टँटॅलम तर तांब्याच्या भट्टीत मळीबरोबर निघून जाते.

म्हणून आधी तपासावे, मग विकावे, शेवटी मोडीत काढावे. एखादा कपॅसिटर फुगला म्हणून अख्खा बोर्ड मेला असे नाही. तो बदलता येतो. मात्र बोर्डाचे आतले थर जळाले असतील, गंजाने तांब्याच्या रेषा खाल्ल्या असतील किंवा जुळणारा प्रोसेसरच मिळत नसेल, तर मोह सोडावा. ‘कधीतरी उपयोगी पडेल’ म्हणून वर्षानुवर्षे कपाट अडवणे किंवा निकामी माल दान म्हणून दुसऱ्या शाळेच्या गळ्यात मारणे, हा पुनर्वापर नव्हे.

मोडीत काढायचे तेही कोणाकडे, हे पाहिले पाहिजे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार पुनर्चक्रण करणाऱ्यांना आणि दुरुस्त करून विकणाऱ्यांनाही केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी आवश्यक आहे. जुन्या बोर्डांच्या सोल्डरमध्ये शिसे असते. ते उघड्यावर जाळणारा, आम्लात बुडवणारा माणूस आपली फुप्फुसे झिजवून ते मिलिग्रॅमभर सोने काढतो. शाळेच्या प्रयोगशाळेत तर हा प्रयोग चुकूनही करू नये.

पदकांची गोष्ट जरूर सांगावी. पण पुढे एक प्रश्न जोडावा : ‘वितळवण्याआधी यातले काय चालू होते?’