आत्मकथनातील बालपण आणि महाडचा जमाव
रामचंद्र बाबाजी मोरे (जन्म १९०३) हे महाड परिषदेचे एक संघटक. त्यांचे आत्मकथन सत्याग्रहाचे साधन म्हणून वाचले जाते. त्यातील बालपणाचे मोल त्याहून कमी नाही, असे आम्हांस वाटते. शिष्यवृत्ती मिळवूनही महाडच्या इंग्रजी शाळेत या अस्पृश्य मुलास प्रवेश नाकारला गेला. त्याने वृत्तपत्रास पत्र लिहिले, तेव्हा दार उघडले. पुढे २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी घेतल्यानंतर, मंदिरप्रवेशाच्या अफवेवरून जमावाने परिषदेच्या प्रतिनिधींवर हल्ला केला. १९७०नंतर ब्रिटनमध्ये फुटबॉलच्या दंगेखोरांना चुकवीत वाढलेल्या आशियाई मुलांचे अनुभव येथे आठवतात. परंतु तेथील जमाव पुष्कळदा अनोळखी असे. येथील गावचाच होता. शाळेचा नकार आणि जमावाची लाठी ही एकाच व्यवस्थेची दोन रूपे होत. बालपण वगळल्यास तो हल्ला केवळ अफवेचा परिणाम ठरेल.