संगणकाचे बदलते पटल आणि वापरकर्त्याची प्रतिक्रिया : एक चिकित्सा

प्रस्तावना :

संगणकाची कार्यप्रणाली बदलली की वापरकर्ता कुरकुरतो आणि ही कुरकुर 'नव्याला विरोध' या दोन शब्दांत निकालात काढली जाते. साहित्यकृतीला वाचकाने दिलेला प्रतिसाद समीक्षेत गंभीरपणे अभ्यासला जातो. मात्र ज्या पटलासमोर आजचा लिहिता-वाचता माणूस दिवसाचे कित्येक तास बसतो, त्या पटलाला मिळालेला प्रतिसाद अभ्यासाचा विषय क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात या प्रतिसादाची चिकित्सा मराठी वापरकर्त्याच्या बाजूने केली आहे. हा वापरकर्ता महानगरातील तंत्रज्ञ नाही. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या पाथर्डी तालुक्यातील तिसगावसारख्या गावात अर्ज, दाखले, लग्नपत्रिका आणि प्रश्नपत्रिका टंकित करून देणारा, तसेच महाविद्यालयाच्या कार्यालयात काम करणारा वापरकर्ता येथे अभिप्रेत आहे.

पटलाचे रूपक :

संगणकाच्या पडद्याला लिहिण्याच्या मेजाचे रूप देण्याची कल्पना झेरॉक्स कंपनीच्या 'स्टार' या यंत्राद्वारे १९८१ मध्ये बाजारात आली. १९८४ च्या मॅकिंटॉशने ती लोकप्रिय केली आणि १९९५ च्या विंडोजने 'स्टार्ट' या कळीसह ती भारतातील कार्यालयांत पोहोचविली. हे मेज पाश्चात्त्य कचेरीतले आहे. त्यावर कागद ठेवण्याचे फोल्डर आहेत आणि शेजारी कचऱ्याची टोपली आहे. महाराष्ट्रातील दप्तराची परंपरा निराळी आहे. पेशवे दप्तरातील कागद रुमालांत बांधलेले असत आणि आजही ते रुमालांच्या संख्येने मोजले जातात. म्हणजे मराठी वापरकर्त्याने हे रूपक अनुभवातून ओळखले नाही, ते त्याने शिकून घेतले. शिकून घेतलेले रूपक टिकते ते पुनरावृत्तीच्या बळावर. त्यामुळे त्यातील वस्तूंची जागा बदलणे म्हणजे केवळ सजावट बदलणे नव्हे, हे ध्यानात घ्यावे लागते.

वाटेचे ज्ञान :

महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना २००१ मध्ये झाली. या महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने तालुक्याच्या आणि बाजारपेठेच्या गावांपर्यंत संगणकसाक्षरता नेली. शासकीय सेवेसाठी संगणक अर्हता आवश्यक ठरल्याने या अभ्यासक्रमाला मोठा विद्यार्थीवर्ग मिळाला. हे कार्य निःसंशय मोलाचे आहे. तथापि संगणकवर्गांतून रुळलेली शिकण्याची रीत वाट पाठ करण्याची होती : डावीकडे खाली दाबावे, वर जावे, तिसऱ्या नावावर थांबावे. पडद्यावरील नावे इंग्रजी असल्याने अनेकांनी ती अर्थाने वाचली नाहीत, आकाराने आणि स्थानाने ओळखली.

मराठीत या ज्ञानाला नेमका शब्द आहे, तो म्हणजे 'हात बसणे'. ज्ञान डोक्यात राहते तसे ते हातातही राहते, हे या वाक्प्रचारात गृहीत धरलेले आहे. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये स्टार्ट कळ काढून टाकण्यात आली आणि तिच्या जागी रंगीत चौकटींचा पूर्ण पडदा आला. इंग्रजी सहज वाचणाऱ्याने शोधाशोध करून नवी वाट काढली. स्थानावर विसंबलेल्याची मात्र वाटच नाहीशी झाली. एकाच बदलाची किंमत दोघांनी सारखी मोजली नाही. ज्याचा पटलाच्या भाषेवर अधिकार कमी, त्याच्यावर बदलाचा भार अधिक पडतो. जगभर नाराजी उमटल्यावर २०१३ च्या ८.१ मध्ये कळ परतली, पण तिच्यामागील यादी परतली नाही. ती यादी नव्या रूपात परत आली २०१५ च्या विंडोज १० मध्ये. वापरकर्त्याची तक्रार हा केवळ हट्ट असता, तर निर्मात्याला दोनदा पाऊल मागे घ्यावे लागले नसते.

मुक्त प्रणालींचाही अनुभव याहून फार वेगळा नाही. २०११ मध्ये ग्नोम या पटलाची तिसरी आवृत्ती आली आणि परिचित पट्ट्या व याद्या गेल्या. येथे असंतुष्टांना संगणकाची मूळ आज्ञावली उपलब्ध होती. त्यांनी जुन्या ग्नोमची परंपरा 'मेट' या नावाने पुढे चालविली. लिनक्स मिंट या प्रणालीच्या कर्त्यांनी 'सिनॅमन' हे स्वतंत्र पटल उभे केले. मालकी हक्काच्या प्रणालीत तक्रार अर्जाच्या पातळीवर थांबते, तर मुक्त प्रणालीत तिचे रूपांतर निर्मितीत होऊ शकते. मात्र त्यासाठी आज्ञावली लिहिण्याचे सामर्थ्य लागते. ते नसलेल्या वापरकर्त्याला दोन्हीकडे वाट पाहावी लागते.

चिन्हाचा अर्थबदल :

स्थान बदलण्याहून गंभीर गोष्ट म्हणजे चिन्हाचा अर्थ बदलणे. खिडकीच्या कोपऱ्यातील फुलीचा अर्थ वर्षानुवर्षे एकच होता : 'हे नको, बंद करा.' २०१६ मध्ये विंडोज १० कडे नेणारी सूचना पडद्यावर येत असे. तीत उन्नतीकरणाची वेळ आधीच ठरविलेली असे आणि फुली दाबली तरी ती रद्द होत नसे. सूचना बंद करणे म्हणजे संमती, असा अर्थ त्या चिन्हावर लादला गेला. टीकेनंतर त्याच वर्षी ही सूचना बदलण्यात आली. या प्रसंगातील क्षोभाला नावीन्याची भीती म्हणता येत नाही. भाषिक व्यवहारात नकाराचा शब्द होकार म्हणून मोजला तर जो विश्वासभंग होतो, त्याच जातीचा हा विश्वासभंग आहे.

लिपी आणि स्थित्यंतर :

मराठी वापरकर्त्याच्या प्रतिक्रियेला आणखी एक पदर आहे आणि तो लिपीचा आहे. युनिकोडपूर्व काळातील देवनागरी टंक रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरी आकार बसवीत असत. धारिकेत प्रत्यक्षात रोमन चिन्हेच साठविली जात आणि टंकामुळे ती मराठी दिसत. यंत्र बदलले, टंक राहिला नाही, की सारा मजकूर निरर्थक चिन्हांचा ढीग होई. विंडोज २००० पासून देवनागरीसाठी युनिकोडचा आधार मिळू लागला. विंडोज एक्सपीमध्ये मात्र त्यासाठी प्रादेशिक भाषांच्या मांडणीत जाऊन वेगळी खूण करावी लागे आणि बहुधा मूळ तबकडी घालावी लागे. २००७ मध्ये सर्वांसाठी आलेल्या व्हिस्टापासून ही खटपट संपली.

येथे एक विसंगती नोंदविली पाहिजे. ज्या एक्सपीच्या आठवणीने वापरकर्ते आजही हळवे होतात, ती मराठीच्या बाबतीत कष्टाची प्रणाली होती. ज्या व्हिस्टाची सर्वत्र टवाळी झाली, तिने मराठीला दारात ताटकळत ठेवले नाही. म्हणजे वापरकर्त्याची प्रतिक्रिया प्रामाणिक असली, तरी ती संपूर्ण हिशेब मांडत नाही. हरवलेली सवय चटकन जाणवते, पण मिळालेली सोय पुढे गृहीत धरली जाते.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. 'ॲ' या अक्षराला स्वतंत्र संकेत युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत २००८ मध्ये मिळाला. त्यामुळे नव्या यंत्रावर लिहिलेले हे अक्षर जुन्या यंत्रावर रिकामी चौकट होऊन दिसे. शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेचे प्रमाणरूप ठरविले. मात्र विंडोजसोबत येणाऱ्या 'मंगल' टंकातील 'ल' आणि 'श' ही अक्षरे हिंदीच्या वळणाची होती. पुढे पटलासाठी 'निर्मला' हा टंक आला आणि विंडोज १० मध्ये 'मंगल' पर्यायी पूरक संचात गेला. तो संच नसलेल्या यंत्रावर 'मंगल'मधील जुना दस्तऐवज दुसऱ्या टंकात उघडतो, ओळी तुटतात आणि पाने सरकतात. प्रश्नपत्रिकेत वा प्रबंधात याचा अर्थ काय होतो, हे प्राध्यापकवर्गाला वेगळे सांगावयास नको.

टंकलेखन यंत्रावर ज्यांचा हात बसला, त्यांची अडचण याहून निराळी आहे. विंडोजसोबत मिळणारा मराठी कळफलक इनस्क्रिप्ट पद्धतीचा आहे. जुन्या यंत्राची मांडणी हवी असेल, तर सी-डॅकच्या आयएसएमसारखी वेगळी आज्ञावली बसवावी लागते. कार्यप्रणाली बदलली की अशी जोड आज्ञावली चालेलच याची शाश्वती नसते. म्हणून जुनी यंत्रे कार्यालयाच्या कोपऱ्यात जपून ठेवली जातात. बाहेरून पाहणाऱ्याला हा मागासलेपणा वाटतो, परंतु ते दप्तर वाचविण्याचे एक साधन असते.

मोडीचा दाखला येथे उद्बोधक ठरतो. विसाव्या शतकात मोडी व्यवहारातून गेली आणि बालबोध स्थिरावली. छपाई आणि शिक्षण यांच्या दृष्टीने त्यात मोठी सोय होती. पण त्यामुळे कोट्यवधी कागद जाणकारांवाचून मुके झाले. युनिकोडपूर्व टंकांतील मराठी धारिका ही अलीकडची मोडी आहे. फरक इतकाच की मोडीचा कागद निदान डोळ्यांना दिसतो. धारिका उघडली नाही, तर तेवढेही उरत नाही.

प्रतिपक्षाचा विचार :

बदल टाळावा, असा निष्कर्ष मात्र यातून काढता येणार नाही. जून २०१७ मधील 'नॉटपेट्या' या संगणकीय हल्ल्याने न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज ठप्प केले. हा हल्ला पसरण्यासाठी विंडोजमधील ज्या उणिवेचा उपयोग झाला, तिच्यावरील दुरुस्ती मार्च २०१७ मध्येच उपलब्ध होती. जुन्याला चिकटून राहण्याची किंमत असते, हे यातून दिसते. त्याच वेळी हेही विसरता येत नाही की या हल्ल्याचा पहिला शिरकाव युक्रेनमधील एका हिशेबाच्या आज्ञावलीच्या अद्ययावतीकरणातूनच झाला होता. अद्ययावतीकरण म्हणजे सुरक्षितता, हे समीकरण विश्वासावर उभे असते आणि विश्वास एकतर्फी असून चालत नाही.

खरी अडचण अशी की दुरुस्ती आणि नवे रूप ही दोन्ही एकाच गाठोड्यात येतात. सुरक्षिततेसाठी आवश्यक असलेली दुरुस्ती हवी, तर न मागितलेला रूपबदलही पत्करावा लागतो. एक्सपीने नवे रूप आणले, तरी जुन्या धर्तीची यादी निवडण्याची मुभा ठेवली होती. विंडोज ७ मध्ये ती गेली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ साठी विशिष्ट सुरक्षा-घटक आणि तुलनेने नवा प्रक्रियक लागतो. त्यामुळे सवयीच्या प्रश्नाला आता पैशाच्या प्रश्नाची जोड मिळाली आहे. चालते यंत्र निवृत्त करावे की असुरक्षित ठेवून वापरावे, हा पेच ग्रामीण महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेपुढेही आहे आणि तिसगावच्या टंकलेखकापुढेही.

समारोप :

वापरकर्त्याच्या प्रतिक्रियेत तीन वेगळी दुःखे एकत्र बोलत असतात : बसलेला हात मोडल्याचे, चिन्हावरचा विश्वास गेल्याचे आणि दस्तऐवज हातचा जाण्याच्या भीतीचे. पहिले दुःख काळाने शमते. दुसऱ्यासाठी निर्मात्याने उत्तर दिले पाहिजे. तिसरे वापरकर्त्याच्या संस्थेला हाताळता येते, कारण जुन्या टंकांतील प्रबंध, इतिवृत्ते आणि प्रश्नसंच युनिकोडमध्ये आणणे हे काम ती जुनी यंत्रे चालू आहेत तोवरच होण्याजोगे आहे. या तिन्हींना एकच नाव देणारी टीका सोपी असली, तरी अपुरी आहे. संगणकशिक्षणानेही पाठ केलेल्या वाटेऐवजी पडद्यावरील शब्द वाचून अर्थ लावण्याची सवय दिली पाहिजे आणि ते शब्द मराठीत असावेत असा आग्रह धरला पाहिजे. ज्याला पटल वाचता येते, त्याला बदललेले पटलही वाचता येते. मग त्याची तक्रार बदलाविरुद्ध न राहता विशिष्ट दोषाविरुद्ध राहील आणि अशी तक्रार निकालात काढणे कोणालाही सोपे जाणार नाही.